लग्नानंतर प्रबंधाचं काय?

(खान्देशातील संशोधक मुली आणि प्राध्यापिका यांच्या धुळे येथील बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर.)



तुम्ही जळगाव, अमळनेर, शिरपूर, साक्रीहून आला आहात. पहाटेची एस.टी. धरून, घरच्यांचा स्वयंपाक करून, काहीजणी तर लेकरांना शेजारणीकडे सोडून आल्या आहेत. त्यामुळे प्रास्ताविकात वेळ घालवत नाही. मला एक कबुली द्यायची आहे, ती आधी देते आणि मग विषयाकडे वळते.

२०२० च्या फेब्रुवारीत माझी एक विद्यार्थिनी पेढे घेऊन घरी आली. २०१७ साली तिनं माझ्याकडे वनस्पतिशास्त्रात पीएच.डी.साठी नाव नोंदवलं होतं. सातपुड्याच्या पायथ्याच्या पाड्यांवर पावरा बायका कोणत्या रानभाज्या आणि कंद खातात, कोणते औषधाला वापरतात, असा विषय होता. तीन पावसाळे ही पोर चिखल तुडवत हिंडली. झाडपाला वर्तमानपत्रात दाबून, वाळवून, कागदांवर चिकटवून तिनं नमुन्यांचे गठ्ठे केले. पेढे लग्नाचे होते. मुलगा कोल्हापूरकडचा, तिकडेच नोकरीला. पेढ्याचा पुडा माझ्या हातात देऊन तिनं विचारलं, "मॅडम, माझ्या पीएच.डी.चं काय?"

मी तिला म्हटलं, "अगं, आता इथलं रजिस्ट्रेशन रद्द करून घे आणि तिकडे गेल्यावर नव्यानं कर. उगाच दोन्हीकडे ओढाताण नको." मला वाटलं, मी व्यवहाराचं बोलते आहे. तिनं माझं ऐकलं, रद्द करण्याचा अर्ज दिला, त्यावर गाइड म्हणून मीच सही केली.

मग टाळेबंदी आली. घरात बसल्या बसल्या जुने कागद आवरताना विद्यापीठ अनुदान आयोगाचे २०१६ चे पीएच.डी.चे नियम हाताला लागले. त्यात एक कलम होतं. संशोधक स्त्रीला लग्नामुळे किंवा अन्य कारणानं गाव सोडून जावं लागलं, तर तिनं जमवलेली संशोधनाची सामग्री ती ज्या विद्यापीठात जाऊ इच्छिते तिकडे हलवू दिली जाईल. पहिल्या गाइडचं आणि पहिल्या संस्थेचं श्रेय तिनं नोंदवायचं, एवढंच. हे कलम चार वर्षं माझ्या कपाटात पडून होतं. मी तिला फोन केला तोवर उशीर झाला होता. लग्न मोजक्या माणसांत उरकलं होतं, सासूबाई आजारी होत्या आणि विषय निघताच ती म्हणाली, "जाऊ द्या ना मॅडम."

हे आज मुद्दाम सांगते आहे. धोरण नव्हतं म्हणून या मुलीचं काम बुडालं असं म्हणायची सोय मला नाही, कारण धोरण होतं. तिला ते ठाऊक नव्हतं, ठाऊक असण्याचं कारणही नव्हतं. मला मात्र ठाऊक असायला हवं होतं. गाइडनं नियम वाचायचे नसतात, ते क्लार्क वाचतो, असं मानण्यात माझी तीस वर्षांची नोकरी गेली.

आता त्या कलमाकडे जरा नीट पाहू. नोव्हेंबर २०२२ मध्ये आयोगानं नवे नियम आणले, त्यातही ते जवळपास त्याच शब्दांत कायम आहे. त्याच नियमांत स्त्रियांना पूर्ण कालावधीत २४० दिवसांपर्यंत प्रसूती किंवा बालसंगोपन रजा आहे. पीएच.डी.ची मुदत सहा वर्षं, पुनर्नोंदणीनं आणखी दोन आणि स्त्रियांना त्यावर दोन, म्हणजे दहा वर्षांपर्यंत जाता येतं. नोकरी करत अर्धवेळ पीएच.डी. करायलाही मुभा आहे. हे सगळं कागदावर आहे आणि ते चांगलं आहे. बायकांच्या चळवळीनं वर्षानुवर्षं जे मागितलं त्यातलं काही यात उतरलं आहे, हे नाकारून चालणार नाही.

पण कलम वाचताना दोन ठिकाणी थांबावं लागतं.

पहिली गोष्ट, हलते ती सामग्री. नोंदणी हलते असं तिथे म्हटलेलं नाही. नव्या विद्यापीठात प्रवेश परीक्षा पुन्हा द्यायची का? कोर्सवर्क झालं आहे, ते धरणार का? तीन वर्षं मोजणार की घड्याळ शून्यापासून? शिवाय तिथल्या गाइडकडे जागा हवी. प्राध्यापकाला आठ, सहयोगी प्राध्यापकाला सहा, सहाय्यक प्राध्यापकाला चार विद्यार्थी अशी मर्यादा आहे, आणि सासरच्या गावात तुमच्या विषयाच्या गाइडची जागा नेमकी तुमच्या लग्नाच्या वर्षी रिकामी असेल असं नाही! स्थळ बघताना पत्रिका जुळवतात, तशी गाइडची जागा कोणी जुळवून पाहत नाही.

दुसरी गोष्ट अट. निधी देणाऱ्या एखाद्या संस्थेनं मूळ संस्थेला किंवा गाइडला दिलेल्या प्रकल्पाचं काम असेल, तर सामग्री हलवता येत नाही. इतिहासाच्या किंवा मराठीच्या मुलीला ही अट सहसा आड येणार नाही. पण रसायन, जीवशास्त्र, पदार्थविज्ञान या विषयांत काम प्रयोगशाळेत चालतं आणि प्रयोगशाळा प्रकल्पाच्या पैशावर. मुलीला फेलोशिप मिळते तीही कित्येकदा त्याच प्रकल्पातून. म्हणजे विज्ञानातल्या बऱ्याच मुलींना हे दार जवळपास बंदच. प्रकल्पाचा पैसा सार्वजनिक आहे, त्याचा हिशेब संस्थेला द्यावा लागतो, हे मला समजतं. पण उपकरणं संस्थेकडे राहू द्या, मुलीच्या वह्यांची प्रत तिला द्या, एवढी वाट काढणं अशक्य नव्हतं.

आणि शब्द पाहा: "लग्नामुळे किंवा अन्य कारणानं". कलम फक्त स्त्रीसाठी आहे. गाव बदलायचं ते बाईनं, हे आयोगानंही गृहीत धरलं. आपल्यापैकी काहीजणी म्हणतील, ही सवलत म्हणजे रूढीला दिलेली मान्यता आहे. मला तसं पूर्ण वाटत नाही. जोवर मुली सासरी जातात तोवर त्यांना ही सोय हवीच. पण उद्या एखादा नवरा बायकोच्या नोकरीच्या गावी यायला तयार झाला, तर त्याचा प्रबंध का अडावा? ही सोय पुरुषालाही मिळाली तर बायकोच्या गावी जाण्याचं त्याचं एक निमित्त तरी वाढेल.

आपल्या खान्देशात संशोधकाच्या भटकंतीची परंपरा मोठी आहे. याच धुळ्यात राजवाडे संशोधन मंडळ आहे. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे १९२६ च्या अखेरीस धुळ्यातच वारले, त्यांच्या पश्चात मंडळ उभं राहिलं. मराठ्यांच्या इतिहासाची साधनं गोळा करायला हा माणूस गावोगाव हिंडला. जुन्या वाड्यांतली दप्तरं धुंडाळली, मिळेल तिथे मुक्काम केला. पत्नी लवकर गेली, पुन्हा लग्न केलं नाही. त्यांच्या कष्टांपुढे मी हात जोडते. पण मनात येतं, त्या काळी एखादी विधवा बाई कुणाच्या वाड्याच्या दारात उभी राहून "मला तुमची दप्तरं पाहायची आहेत" म्हणाली असती, तर दार उघडलं असतं का? एकट्या पुरुषाला लोक विक्षिप्त म्हणाले, तरी त्याला माजघरापर्यंत जाऊ देत. माझी विद्यार्थिनी पाड्यांवर जायची तेव्हा तिच्याबरोबर कायम तिचा धाकटा भाऊ असायचा. त्याच्या परीक्षा आल्या की हिचं फील्डवर्क बंद. संशोधनाच्या कुठल्याही अंदाजपत्रकात भावाच्या तिकिटाचा रकाना मी पाहिलेला नाही.

दुसरं उदाहरण अमळनेरचं. श्रीमंत प्रताप शेठ यांनी १९१६ साली तिथे तत्त्वज्ञान मंदिर काढलं. विद्यावृत्ती देऊन संशोधकांना बोलवायचं, त्यांनी अभ्यास करायचा, लिहायचं. घ. र. मलकानी तिथे होते, टी. आर. व्ही. मूर्ती काही वर्षं होते, बंगालमधून कृष्णचंद्र भट्टाचार्य येऊन राहिले. आज 'मोबिलिटी' हा शब्द सगळ्या योजनांच्या कागदांवर असतो. खान्देशातल्या एका तालुक्याच्या गावानं ती गोष्ट शंभर वर्षांपूर्वी करून दाखवली. माझ्या वाचनात आलेल्या तिथल्या संशोधकांत मात्र बाईचं नाव नाही.

बाई संशोधक झाली की काय व्हायचं, ते कमला सोहोनींना विचारा. तेव्हा त्या कमला भागवत होत्या, दुर्गाबाईंची बहीण. १९३३ साली मुंबई विद्यापीठाची पदवी घेऊन बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत प्रवेश मागितला. सी. व्ही. रामन यांनी बाई म्हणून नाकारला. त्या हटून बसल्या, तेव्हा अटी घालून एक वर्ष घेतलं. काम पाहून रामन यांचं मत बदललं आणि पुढे तिथे मुलींना प्रवेश मिळू लागला. १९३९ साली कमलाबाई केंब्रिजहून पीएच.डी. घेऊन आल्या. पुढची गोष्ट फारशी सांगितली जात नाही. त्या कुन्नूरला पोषण संशोधनाच्या प्रयोगशाळेत होत्या. १९४७ साली लग्न झालं आणि त्या मुंबईला आल्या. मुंबईच्या विज्ञान संस्थेत जीवरसायनशास्त्राचा विभाग नव्यानं निघाला म्हणून त्यांना तिथे जागा मिळाली. विभाग निघाला नसता तर? केंब्रिजची डॉक्टरेट घेतलेल्या बाईचं पुढचं आयुष्य असं एका योगायोगावर अवलंबून होतं. पुढे त्या त्याच संस्थेच्या संचालक झाल्या, पण तेही पद उशिराच मिळालं.

बाईंचा योगायोग साधला. आपल्याला मात्र धोरण हवं ते योगायोगावर विसंबावं लागू नये म्हणून.

आमच्या पिढीला विद्यापीठ म्हणजे पुणे. प्रबंधाचं पान दाखवायला, साधी सही घ्यायला रात्रीच्या गाडीनं पुणे गाठायचं. १५ ऑगस्ट १९९० ला जळगावला उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ झालं, गणिताचे प्रा. एन. के. ठाकरे पहिले कुलगुरू झाले. त्यावेळी विद्यापीठं वाढवून दर्जा घसरेल, असं पुण्यामुंबईचे लोक म्हणत. दर्जाचं मला ठाऊक नाही, पण पुण्याच्या फेऱ्यांचा खर्च न झेपल्यानं ज्या बायकांनी संशोधनाचा विचार सोडून दिला होता, त्या पुढे आल्या, हे मी डोळ्यांनी पाहिलं. २०१८ साली विद्यापीठाला बहिणाबाई चौधरींचं नाव दिलं. असोद्याची ही बाई लिहायला शिकली नाही, तिच्या ओव्या मुलानं टिपून ठेवल्या म्हणून १९५२ साली पुस्तक झालं आणि ते जगापुढे आलं. तिच्या नावाच्या विद्यापीठात तरी बाईचं काम कोणी टिपून ठेवलं नाही म्हणून हरवू नये, एवढी मागणी आपण हक्कानं करू शकतो.

अंतर कमी झालं तरी संपलेलं नाही. धुळ्याहून जळगाव नव्वद-पंचाण्णव किलोमीटर. धडगावच्या मुलीला आधी घाट उतरून शहादा गाठावं लागतं, मग पुढचं. सहामाही प्रगती अहवाल, समितीपुढचं सादरीकरण, ग्रंथालय, पैसे भरणं, सगळ्याला एकेक दिवस. १७ मार्च २०२३ पासून एस.टी.त बायकांना अर्धं तिकीट झालं. मला विचाराल तर खान्देशातल्या संशोधक मुलींसाठी गेल्या काही वर्षांत झालेलं सर्वांत उपयोगी धोरण हेच! ते काढणाऱ्यांच्या मनात संशोधन नव्हतं ही गोष्ट वेगळी. पण संध्याकाळी काम लांबलं तर मुक्काम कुठे? पूर्णवेळ मुलींना वसतिगृह असतं. नोकरी करून पीएच.डी. करणारीला दोन रात्रींपुरती खोली लागते, आणि तीच मिळत नाही. नातेवाईक असेल तर ठीक, नाहीतर शेवटच्या गाडीकडे डोळे लावून वाचन करायचं.

नोकरदार प्राध्यापिकांचं थोडं सांगते. बढतीच्या पुढच्या पायऱ्यांना पीएच.डी. लागते, ओरिएंटेशन आणि रिफ्रेशर लागतात. १९८६ च्या शैक्षणिक धोरणानंतर अकॅडेमिक स्टाफ कॉलेजं निघाली, तिथे तीन-चार आठवडे राहून कोर्स करायचे. अंगावरचं बाळ घरी ठेवून गेलेल्या बायका मी पाहिल्या आहेत, रात्री खोलीत रडायच्या. पंचवार्षिक योजनांच्या काळात आयोगाची शिक्षक फेलोशिप होती. पगार चालू राहायचा, बदली शिक्षकाचा पगार आयोग द्यायचा, दोन-तीन वर्षं निवांत प्रबंध. आमच्या ओळखीत ती कोणी घेतली ते मोजलं तर पुरुषच जास्त निघतात. संस्थाचालक बाईंना म्हणत, "तुम्ही आत्ताच तर बाळंतपणाच्या रजेवरून आलात." आता बरेच कोर्स ऑनलाइन झाले. रडणं संपलं. पण बाई घरात बसून कोर्स करते म्हणजे घरच्यांच्या लेखी ती घरीच असते. कॅमेरा बंद करून पोळ्या लाटत व्याख्यान ऐकलेल्या किती आहेत इथे? हात वर केलेत, बरं केलंत.

त्याहून वाईट स्थिती तासिका तत्त्वावर काम करणाऱ्यांची. सी.एच.बी. म्हणतात ते. जेवढे तास घेतले तेवढ्यांचे पैसे, तेही महिनोन्महिने उशिरा. सुट्टीत काही नाही, बाळंतपणात काही नाही. राज्य सरकारनं २०१८ साली आपल्या स्त्री कर्मचाऱ्यांना १८० दिवसांची बालसंगोपन रजा दिली. ती या बाईला नाही, कारण कागदोपत्री ती कोणाचीच कर्मचारी नाही. केंद्राच्या विज्ञान व तंत्रज्ञान विभागानं २००२-०३ पासून खंड पडलेल्या स्त्री शास्त्रज्ञांसाठी योजना काढली, पुढे ती 'किरण' आणि मग 'वाइज-किरण' झाली. तिच्यात स्थलांतर करावं लागणाऱ्या शास्त्रज्ञ स्त्रियांसाठीही एक भाग ठेवला होता, अगदी आपल्या विषयावरचा. पण तो नियमित नोकरी असलेल्या बाईसाठी. जिला पक्की जागाच नाही, तिला हलण्याचीही सोय नाही.

२०२१-२२ च्या अखिल भारतीय उच्चशिक्षण पाहणीत पीएच.डी. करणाऱ्या सुमारे २ लाख १३ हजार जणांत ९९ हजारांच्या आसपास स्त्रिया होत्या. २०१४-१५ ला हा आकडा ४८ हजार होता. सात वर्षांत दुप्पट! मुली दारापर्यंत आल्या आहेत. हा आकडा नोंदणीचा आहे, आणि मी ज्या मुलीचं सांगते आहे तीही एके वर्षी अशा आकड्यात होती.

बाहेरच्या जगात काय चालतं? युरोपात मेरी क्युरींच्या नावाच्या फेलोशिप आहेत. पीएच.डी. होऊन आठ वर्षांच्या आत अर्ज करावा लागतो, पण मूल, आजारपण यात गेलेला काळ त्या आठांत मोजत नाहीत. कुटुंब असेल तर त्याचा भत्ता वेगळा. या मेरीबाई स्वतः वॉर्सातल्या. तिथल्या विद्यापीठाची दारं बायकांना बंद होती. दोघी बहिणींनी आपसांत ठरवलं. मेरीनं परक्याच्या घरी मुलांना शिकवून थोरलीला पॅरिसला डॉक्टर होण्यासाठी पैसे पाठवले, मग १८९१ साली थोरलीच्या आधारानं धाकटी गेली. आपल्याकडे भावाच्या शिक्षणासाठी थांबलेल्या बहिणी घरोघर आहेत, बहिणीसाठी थांबलेली बहीण मला फारशी भेटली नाही. भाऊ तर नाहीच.

आपल्याकडेही ज्युनिअर रिसर्च फेलोशिपच्या वयोमर्यादेत स्त्रियांना पाच वर्षांची सवलत आहे. जानेवारी २०२३ पासून रक्कम ३७ हजार झाली. पण फेलोशिप महिन्याच्या महिन्याला आली तर तिचा उपयोग. ती सहा महिने थकली की घरचे विचारतात, "तुला पैसे मिळतात म्हणत होतीस ना?" मग मुलीचा वाद घरात आणि विद्यापीठात, दोन्हीकडे सुरू होतो. लग्नाळू मुलीच्या हातात दर महिन्याला स्वतःचे पैसे असणं, हे लग्न दोन वर्षं पुढे ढकलण्याचं सर्वांत मोठं कारण असतं. आईबापांशी मी कितीदा बोलले आहे. समतेच्या गोष्टी सांगून जे होत नाही ते फेलोशिपच्या पत्रानं होतं.

गाइडबद्दल एक वाक्य बोलायलाच हवं, मी स्वतः गाइड असले तरी. सगळे कागद एका माणसाच्या सहीवर अडतात, तिथे काय काय घडू शकतं ते तुम्हाला सांगायला नको. २०१३ चा कायदा झाला, मे २०१६ मध्ये आयोगाचे लैंगिक छळाविरुद्धचे नियम आले, त्यात विद्यार्थिनीही स्पष्टपणे आहेत. गाइड बदलून मिळणं हाही हलण्याचाच हक्क आहे. एकाच शहरात, एका खोलीतून दुसऱ्या खोलीत जाण्याचा.

आता करायचं काय? आपण एक निवेदन तयार करतो आहोत. विद्यापीठानं स्थलांतराचा छापील अर्ज आणि जबाबदार अधिकारी ठेवावा. झालेलं कोर्सवर्क आणि झालेली वर्षं नव्या ठिकाणी धरावीत. अशा मुलीसाठी गाइडच्या मर्यादेबाहेर एक जागा असावी, फेलोशिप तिच्याबरोबर जावी. अल्पमुक्कामाच्या खोल्या हव्यात. पाळणाघर हवं. हे सगळं आयोगाच्या हातात नाही, बरंचसं इथल्या अधिसभेत ठरू शकतं. निवेदनाखाली गाइड मंडळींच्या सह्या मी स्वतः फिरून गोळा करणार आहे, कारण आमच्यातल्या कित्येकांनी ते कलम अजून वाचलेलं नसणार.

तिच्या नमुन्यांचे गठ्ठे अजून माझ्याकडे आहेत. दर पावसाळ्यात काढून उन्हात धरते, कसर लागू नये म्हणून डांबरगोळ्या टाकते. मागच्या महिन्यात तिचा फोन आला. मुलगी शाळेत जायला लागली आहे आणि तिकडच्या विद्यापीठाची जाहिरात तिनं पाहिली आहे. तिनं विचारलं, "मॅडम, ते जुने कागद चालतील का हो?" नोंदणी रद्द केलेल्या मुलीबद्दल नियमात सरळ उत्तर नाही. मी पत्र लिहायला घेतलं आहे, की ही सामग्री तिची आहे, ती तिनं अमुक ते अमुक काळात गोळा केली आणि मी ती सांभाळून ठेवली आहे.

चहानंतर मी मागच्या खोलीत बसते. ज्यांचं लग्न ठरलं आहे, बदली झाली आहे किंवा रजिस्ट्रेशन रद्द करायचा विचार आहे, त्यांनी आपापली पत्रं घेऊन तिथे या. अर्ज आज इथेच लिहू.